उत्तर सापडले म्हणजे उतारा समजला असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहावी ते आठवीच्या इंग्रजीची चर्चा बहुधा उच्चार, स्पेलिंग आणि व्याकरण यांपाशीच थांबते. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु वाचन-लेखनाच्या ज्या मूलभूत संकल्पना याच वयात पक्क्या व्हायला हव्यात, त्यांना वर्गात वेगळा वेळ क्वचितच मिळतो, आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली की मुलांना उतारा समजला, असे आपण धरून चालतो.

'द ब्लिम झॉर्प्ड इन द टोव्हेल' असे एक निरर्थक वाक्य फळ्यावर लिहावे आणि 'व्हेअर डिड द ब्लिम झॉर्प?' असे विचारावे. 'इन द टोव्हेल' हे उत्तर मुले सहज देतील, कारण प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधून पुढचे शब्द उतरवून काढणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. आता दुसरे वाक्य घ्यावे : 'रीटा केम होम अँड लेफ्ट हर वेट अम्ब्रेला बिहाइंड द डोअर.' बाहेर पाऊस पडत असावा, हे कशावरून? पावसाचा उल्लेख वाक्यात कुठेही नाही. येथे मुलांना 'वेट' या शब्दावर बोट ठेवावे लागते, त्याला स्वतःच्या अनुभवाची जोड द्यावी लागते आणि मगच अनुमान काढता येते. मजकुरातला पुरावा दाखवून काढलेले अनुमान हा आकलनाचा गाभा आहे, आणि नेमके तेच बहुतेक स्वाध्यायांत विचारले जात नाही.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी 1986 मध्ये वाचन-आकलनाचे एक साधे सूत्र मांडले : अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. ही बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. घडाघडा वाचणाऱ्या मुलालाही धड्याचे सार का सांगता येत नाही, याचा उलगडा यातून होतो. त्यावरचा उपायही नवा नाही. 1984 मध्ये संशोधक अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी आकलनात मागे पडलेल्या सातवीच्या मुलांना चार गोष्टी करायला शिकवल्या : सार सांगणे, स्वतः प्रश्न काढणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. त्या मुलांच्या आकलनात ठळक सुधारणा दिसली.

लेखनाची गत तर याहून वाईट आहे. 'ट्रीज आर युजफुल. ट्रीज गिव्ह अस फ्रूट. देअर आर मेनी ट्रीज. आय लाइक ट्रीज.' या परिच्छेदात लाल शाईला एकही चूक सापडणार नाही. तरीही शेवटची दोन वाक्ये पहिल्या वाक्याला कोणताच आधार देत नाहीत, आणि ही उणीव मुलांना कुणी दाखवून देत नाही. पहिले वाक्य 'ट्रीज कीप अ स्ट्रीट कूल' असे नेमके केले, की पुढे सावलीबद्दल आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पाबद्दल लिहावेच लागते. 'बिकॉज' आणि 'फॉर एग्झाम्पल' हे शब्द मग आपसूक येतात. विषयवाक्य आणि त्याला धरून येणारे तपशील ही संकल्पना समजली, तर निबंध पाठ करून लिहिण्याची गरज बरीचशी उरणार नाही.

पोर्शन संपवायचा कधी, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणूनच सुरुवात परीक्षेपासून व्हावी, असे मला मनापासून वाटते, कारण जे विचारले जाते तेच शिकवले जाते. प्रत्येक उताऱ्याखाली निदान एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे मिळणार नाही आणि ज्यात पुरावा दाखवण्याला गुण असतील. वर्षभराच्या लेखनातही पहिला कच्चा मसुदा आणि सुधारलेला दुसरा मसुदा असे दोन्ही तपासले जावेत, आणि स्पेलिंगच्या चुकांवरची खूण दुसऱ्या मसुद्यावरच व्हावी.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका