मेल्बाचा उजवा हात

पुणे, रविवार

प्रिय मंजू,

तुझ्या पत्राला महिन्यानं उत्तर देतेय, चिडू नकोस. वाजवायची पेटी माळ्यावर टाकलीस, वर गाद्या रचल्यास, म्हणे ऑफिसातून आल्यावर बोटं वळत नाहीत. त्यावरून मला मेल्बा लिस्टन आठवली, जॅझ वाजवणारी ट्रॉम्बोनवादक.

जन्म १९२६, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. सातव्या वर्षी ट्रॉम्बोनच हवा म्हणून हटून बसली, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. त्या वाद्याला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. नळी पुढेमागे सरकवायची आणि सूर कानानं पकडायचा, आपल्या सारंगीसारखा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही तशीच निघते. नळीच्या सात जागा, आणि लांबच्या जागांपर्यंत पोरीचा हात पुरेना. मग मान वाकडी करून वाजवायची!

सतराव्या वर्षी ती जेराल्ड विल्सनच्या बँडमध्ये होती. १९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात दौऱ्यावर गेली. तिकडे प्रेक्षकच येईनात, पैसे संपले, दौरा कोलमडला. मेल्बा घरी लॉस एंजेलिसला परतली ती सरळ शिक्षण मंडळाच्या कचेरीत कारकून म्हणून. ट्रॉम्बोन बंद. हॉलिवूडच्या दोन-तीन सिनेमांत किरकोळ कामंही केली.

१९५६ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीनं आपल्या बँडमध्ये बोलावलं. अमेरिकन सरकारच्या खर्चानं बँड कराची, ढाका, बैरूत असा फिरणार होता (मुंबई नव्हती, आपलं नशीब). बाई कशाला आणली, म्हणून वादकांनी नाकं मुरडली. मग तिनं बसवलेल्या चिजेचे कागद समोर आले आणि दोन-चार ओळींतच मंडळी अडखळायला लागली. हा प्रसंग मी दहादा तरी वाचला असेन.

पुढे पियानोवादक रँडी वेस्टनच्या कित्येक रचना तिनं बँडसाठी बांधल्या. जमैकात काही वर्षं शिकवलं. १९८५ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मंजू, नळी उजव्या हातानंच सरकवतात गं. वाजवणं तिथंच संपलं. तिनं कॉम्प्युटर घेतला, त्यावर स्वरलिपी मांडायला शिकली आणि १९९० नंतरही वेस्टनच्या रेकॉर्डसाठी लिहीत राहिली. १९९९ मध्ये गेली.

गाद्या दुसरीकडे ठेव बाई. भात्याला झुरळं लागली तर दुरुस्तीवाला केवढे पैसे सांगेल, माहीत आहे ना? दिवाळीत येतेय. काकूंना नमस्कार.

तुझी,
सुधा