रांगोळी पुसण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून पत्र लिहिते आहे. पुण्याच्या नोकरीवर परत रुजू न होता मी लंडनलाच पीएच.डी.साठी प्रवेश घेतला आहे. आधी विचारायला हवे होते, हे मला ठाऊक आहे. शिष्यवृत्ती पुरते, खोली उबदार आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ज्वारीचे पीठसुद्धा मिळते.

बाबा, मला संगणकाला चित्रे काढायला शिकवायचे आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "यंत्राला कसली आली आहे प्रतिभा?" यंत्र स्वतःहून नवे काही निर्माण करत नाही, असे एडा लव्हलेस या इंग्रज गणितीनेही १८४३ मध्येच लिहून ठेवले आहे. तरीही हॅरॉल्ड कोहेन हा नावाजलेला ब्रिटिश चित्रकार १९७० च्या दशकापासून २०१६ मध्ये जाईपर्यंत 'आरन' नावाच्या संगणक-प्रोग्रामला चित्रकला शिकवत राहिला. कोहेनने त्याला चित्रे दाखवली नाहीत, तर बंद आकार आणि उघडी रेषा यांतला फरक, आतले आणि बाहेरचे, असे नियम सांगितले. सुरुवातीला यंत्र रेषा काढी आणि हा हाताने रंग भरी. (आमच्या घरी रेषा आईच्या आणि सांडलेले रंग माझे असत.)

आई, हे तुझ्यापासून फार लांबचे नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट व रानी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्येच कोलमच्या, म्हणजे तमिळ रांगोळीच्या, आकृत्यांचे व्याकरण मांडले होते. नियम दिले की यंत्र हव्या तितक्या रांगोळ्या काढील, पण त्यांतली कोणती ठेवावी हे त्याला कळत नाही. तू मात्र अर्धी झालेली, मला सुंदर वाटणारी रांगोळी तळव्याने पुसून टाकायचीस आणि मी उंबऱ्यावर बसून रडायचे. त्या क्षणी तुला काय खटकले, हेच मला यंत्राला शिकवायचे आहे, आणि तिथल्या नोकरीत त्यासाठी जागा नव्हती.

आता ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी चहाआधी घ्यावी, चुकवू नये. आईने उकिडवे बसणे बंद करावे. गुडघे दुखतात, हे मला मावशीकडून कळावे का? रांगोळी टेबलावर कागदावर काढ. पुसण्याआधी बाबा, तुम्ही फोटो घ्या आणि का पुसली तेही विचारून लिहा. ती "उगाच" म्हणाली, तर तेच लिहा.

तुमची,
चिमी