मान वळवणे म्हणजे मान उचलणे नव्हे

संपादक महोदय,

स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टॅम हिचा विषय निघाला की २००३ ची कलोनियल स्पर्धा हमखास आठवली जाते. पुरुषांच्या त्या स्पर्धेत ती पहिल्या दोन फेऱ्यांत ७१ आणि ७४ फटके खेळली आणि पुढच्या फेऱ्यांची पात्रता चार फटक्यांनी हुकल्याने बाद झाली. पण एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावरची ७२ विजेतेपदे आणि १० मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांतले विजय, ज्या फटक्याने मिळाली, त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही, याची खंत वाटते.

क्लब (गोल्फची काठी) चेंडूला लागण्याच्या आधीच तिची मान लक्ष्याकडे वळू लागते. 'नजर चेंडूवरच ठेवा' हा धडा गिरवणाऱ्यांना हे चुकीचे वाटते. मात्र मान खाली दाबून धरली की खांदे अडतात, वजन मागच्या पायावर राहते आणि मनगटे उलटतात. अनिकाची मान फक्त वळते, वर येत नाही. कण्याचा कल तसाच राहतो. तिची नक्कल करताना नवशिके नेमके डोके उचलतात, मग क्लब चेंडूच्या माथ्यावर घासतो.

या फटक्याची अचूकता १६ मार्च २००१ रोजी फिनिक्सच्या मून व्हॅलीत दिसली. दहाव्या होलपासून सुरुवात करून तिने पहिल्या १३ होल्सपैकी १२ मध्ये बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) साधली. एकूण १३ बर्डी, एकही बोगी (एक फटका जास्त) नाही, ५९ फटके! एलपीजीएच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले. तिच्यावर लिहिताना सुरुवात या फेरीपासून व्हावी.

— एक गोल्फप्रेमी वाचक