बोटीत बसणारी आगगाडी

अंकल,

सासरचं मूळ गाव शोधून दिल्याबद्दल समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. तीनदा झालं हे. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. चष्मा कपाळावर चढवून तुम्ही रोज मराठी पेपर वाचता, तेव्हा "मला कळलं नाही" ही सबब चालणार नाही.

मी चिपळूणकडची. आमच्याकडे माणसाची ओळख "गाव कुठलं?" इथून सुरू होते. लग्न ठरताना आत्याने माझ्या नवऱ्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "माझगाव." "ते कळलं रे, पण तुझं मूळ गाव?" "माझगावच." आत्याला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती, त्याला दुसरं उत्तरच ठाऊक नव्हतं. त्यातून आडनाव चिन. शाळेच्या दाखल्यावर कोणीतरी ते दीर्घ करून 'चीन' लिहिलं आणि पुढे जन्मभर प्रत्येक खिडकीवर "अहो, देश नाही, आडनाव विचारलंय" हे ऐकणं आलं.

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही फार सांगता येत नसे. त्यांचे वडील चीनमधून आलेले, गोदीत सुतार. ते १९५८ साली गेले तेव्हा बाबा १२ वर्षांचे. चार वर्षांनी भारत-चीन युद्ध झालं. तिकडे बंगाल-आसामातल्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेल्याच्या बातम्या इकडे आल्या आणि आजेसासूबाईंनी गावाकडून आलेली सगळी पत्रं एका दुपारी बंबात घातली. बाबा सांगायचे, त्या दिवशी अंघोळीचं पाणी दोनदा तापलं.

उरलं काय, तर आजेसासूबाईंची बडबड. मी त्यांच्या शेवटच्या चार वर्षांत घरात आले. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या त्या सांगत, "घरातून आगगाडीची शिट्टी ऐकू यायची." आम्ही मान डोलवायचो. डॉकयार्ड रोडला हार्बरची लोकल दिवसभर शिट्ट्या मारते, म्हातारीचं तिकडचं-इकडचं मिसळलंय, एवढंच. आणि त्यांचं ठरलेलं पुढचं वाक्य, "मग आगगाडी बोटीत बसली आणि आम्ही नदी ओलांडली." यावर तर मुलं खो-खो हसायची. मीही हसलेय, अंकल. कबूल करते.

तुमची गाठ पडली ती अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत, चिंग मिंगला, म्हणजे पूर्वजांची थडगी झाडून-पुसून त्यांना नमस्कार करायच्या चिनी सणाला. एप्रिलचा पहिला आठवडा, दहा वाजताच ऊन भाजत होतं. आम्ही नेहमीसारखी झाडलोट केली, संत्री मांडली, तीन कपांत चहा ओतला, उदबत्त्या लावल्या. आजोबांच्या दगडावर काय कोरलंय ते आमच्यातल्या कोणालाच वाचता येत नव्हतं. दरवर्षी आपण कोणापुढे वाकतोय, तेही अंदाजाने! शेजारच्या दगडापाशी तुम्ही होतात. काही न विचारता आलात, खिशातून खडूचा तुकडा काढलात आणि दगडावर आडवा फिरवलात. वरचा भाग पांढरा झाला, खोदलेली अक्षरं काळी उठून आली. मी पंधरा वर्षं तो दगड पुसत होते. त्यावर एवढं लिहिलेलं आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

उजवीकडची ओळ तुम्ही बोट ठेवून वाचलीत: क्वांगतुंग, तोइसान. म्हणजे दक्षिण चीनमधला प्रांत आणि त्यातला तालुका. त्याखाली गावाचं नाव, आणि नेमका तिथेच दगडाचा पोपडा उडालेला. डावीकडे साल, ४७. चिनी प्रजासत्ताकाचं वर्ष. त्यात १९११ मिळवले की १९५८. मधल्या ओळीत आजोबांचं नाव, आणि त्याला लागून आणखी एक नाव.

"दोन माणसं आहेत का इथे?" मी घाबरून विचारलं.

तुम्ही हसलात. "एकच. तोइसानमध्ये लग्नात नवऱ्याला नवीन नाव देतात. तुम्ही बायकोचं बदलता, आम्ही नवऱ्याचं."

तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं जाणार म्हणून लग्नाआधी मी घरात केवढं भांडले होते, ते आठवलं. हे जरा आधी कळलं असतं तर बरं झालं असतं!

मग तुम्ही बाबांना विचारलंत, "आई काय सांगायची?" तोवर आम्हाला हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे कागद मागायचे. बाबांनी चाचरत ती आगगाडी सांगितली, नातवंडांकडे बघत, की आता हसतील. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरोबर आहे. माझी आईसुद्धा त्याच बोटीतून गेली होती."

त्या आगगाडीबद्दल, तोइसानच्या सिनिंग रेल्वेबद्दल तुम्ही तिथे उन्हात उभ्या उभ्या जे सांगितलंत ते मी नंतर पडताळून पाहिलं. अमेरिकेत सिअ‍ॅटलला पैसा कमावून परतलेल्या चिन जी ही नावाच्या माणसाने ती बांधायला घेतली १९०६ साली, परदेशी कर्ज न काढता, परगावी गेलेल्या आपल्याच लोकांकडून भांडवल गोळा करून. १९१३ साली ती जिआंगमेन शहराला पोचली. वाटेत न्यूवानला नदीवर पूल नव्हता, म्हणून सबंध गाडी मोठ्या तराफ्यासारख्या बोटीवर चढवून पलीकडे नेत. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून १९३८च्या सुमारास लोकांनी स्वतःच रूळ उखडले. आजेसासूबाई निघाल्या १९३७ साली. म्हणजे त्यांनी ती पाहिली ती जवळपास शेवटची.

पुढचं काम तुम्ही किती चिकाटीने केलंत ते मला माहीत आहे. १९६३ साली हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीने तोइसानमधल्या गावांची आडनावांनुसार सूची केली होती. तिची प्रत तुम्ही टोरंटोच्या भाच्याकडून मागवलीत. चिन आडनावाची गावं पानंच्या पानं. आमच्याकडे खेडोपाडी जाधव, तसे तिकडे चिन. मँडरिनमध्ये छन, कँटोनीजमध्ये चान, अक्षर एकच. ती पानं तुमच्या गोल टेबलावर पसरून जुन्या रुळाची रेघ पेन्सिलीने नकाशावर काढलीत आणि शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरातली गावं वेगळी केलीत. उरली अकरा. दगडावर गावाच्या नावाचा तळाचा अर्धा फटकारा शिल्लक होता, त्याच्याशी जुळणारी दोन.

ती शोधायला आम्ही चीनला गेलो. पहिलं चुकलं, ते तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. दुसऱ्या गावात शिरलो तेव्हा पुढे तळं, मागे बांबूचं बेट, मध्ये करड्या विटांच्या घरांच्या सरळ रांगा आणि दोन रांगांमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ. निम्म्या घरांना कुलपं. तळ्याकाठी मोठं झाड होतं, मी जवळ जाऊन पान पाहिलं तर नांदरुक. आमच्या गावच्या देवळामागे आहे तेच. कोणाला सांगणार? नवरा त्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांपुढे तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी धरून उभा होता.

वंशावळीचं मूळ पुस्तक सांस्कृतिक क्रांतीत जळलं होतं. परदेशी गेलेल्या कोणाकडे प्रत होती, तिची झेरॉक्स गावात परत आलेली. आजोबांचं नाव शोधलं, नाही. परत शोधलं, नाही. त्या गृहस्थांनी पुस्तक मिटलंसुद्धा. मग नवऱ्याने चिठ्ठीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं, लग्नातल्या. तिसऱ्या पानावर निघालं. शेजारी बारीक अक्षरात "हिंदुस्थानात गेला" आणि पुढे कोरं. आजेसासूबाईंचं नाव नाहीच, नुसतं "वाँग घराण्यातली". याचा मला राग आला आणि अजून आहे. त्या गृहस्थांनी पेन काढून कोऱ्या जागेत बाबांचं आणि नवऱ्याचं नाव लिहिलं. मी वाँगवर बोट ठेवून बसले, तेव्हा त्यांनी हसत आजेसासूबाईंचंही लिहिलं. ते त्यांच्या नियमात बसत नसावं.

दुपारी त्यांच्याकडे मातीच्या भांड्यातला वामेचा भात जेवलो. तळाची करपलेली खरवड बाबांनी एकट्याने संपवली. बाहेर रूळ कुठून जायचा ते विचारलं तर गृहस्थांनी शेतापलीकडच्या डांबरी रस्त्याकडे हात केला. बाबा बराच वेळ तिकडे बघत उभे होते. मग मला म्हणाले, "आई खोटं नव्हती सांगत."

अंकल, हे वाक्य तुमच्यामुळे त्यांच्या तोंडून निघालं. ७९व्या वर्षी.

निघताना तुम्हाला काय आणू विचारलं, तर तुम्ही तुमच्या गावाकडची, सुनवुईची मुरवलेली संत्र्याची साल मागितलीत, तीही "मिळाली तर". मिळाली. दुकानदाराने सांगितलं, जितकी जुनी तितकी महाग. मी दहा वर्षांची घेतली, ओरडू नका. मुंबईच्या हवेत सादळेल म्हणून काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवलीय. रविवारी जेवणानंतर घरी असाल ना? बाबाही येणार आहेत. आणि या वेळी चहा मी टाकणार.

तुमची,
चिनांची सून