भागाकाराने विमान पोहोचत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली ‘इंदूरहून जग किती दूर’ ही चौकट वाचली. सॅन फ्रान्सिस्को १३ हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे साडेचौदा तास, असा तिचा हिशेब. अंतराबद्दल तक्रार नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मी ते पडताळलं. दोरा इंदूरहून जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, सैबेरियाच्या माथ्यावरून आर्क्टिक ओलांडतो आणि पलीकडे कॅलिफोर्नियात उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही, म्हणून वर्गात मी नकाशा गुंडाळून गोलच काढायला लावत असे.

पण विमान त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं आणि वेळ मात्र घटून साडेचौदा तासांच्या आसपास आली! दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते पाठीशी घेतले एवढंच. लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तेही याच वाऱ्यांमुळे. ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून’ असं घरोघरी सांगतात, ते खोटं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वाट्याला वळसा आला. तो कुठल्या भागाकारात बसवणार?

त्यातून इंदूरहून अमेरिकेला थेट विमान नाही. आधी दिल्ली किंवा मुंबई गाठायची, सामान, इमिग्रेशन, मग ताटकळणं. आमच्या रामबागेतून मुलीच्या बाळंतपणासाठी एकट्या निघालेल्या बायका असतात. कुणाला इन्सुलिन, कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या. औषध कधी घ्यायचं, हातपिशवीत खायला काय ठेवायचं, हे त्या अशा चौकटी कापून ठेवून ठरवतात. तिकीट बघावं तर आणखी घोळ. कॅलिफोर्नियाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. पहाटे चारला दिल्लीहून निघालेलं, साडेपंधरा तास उडणारं विमान उन्हाळ्यात त्याच दिवशी सकाळी सातला उतरलेलं दिसतं. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, “तीन तासांत अमेरिका? मग डबा कशाला?” त्यांना काय सांगावं!

तेव्हा पुन्हा अशी चौकट छापाल तर जाण्याचे तास वेगळे आणि येण्याचे वेगळे द्या. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातून घ्या, मधला थांबा त्यात धरा. किलोमीटर नाही दिले तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
रामबाग, इंदूर