दुसरा अंतरा तुझ्याकडे

प्रिय दोस्ता,

आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं, परत परत ऐकलं, आणि सकाळपासून डोक्यात तेच चालू आहे. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

तुला आठवतंय ना, आधी नुसती चाल होती. तू गिटारवर तेच कॉर्ड फिरवत होतास आणि चाल विसरायला नको म्हणून मी तोंडाला येईल ते गायला लागलो, "मांजराची टोपी उडाली रे उडाली". तू हसला नाहीस, उलट जीव ओतून तेच पुढे गायलास, मग आपण अख्खी संध्याकाळ त्या टोपीवरच काढली, मध्येच ८ मात्रांचा केहरवा ताल सोडून ७ मात्रांच्या रूपक तालात बसवून बघितली तर बिचारी लंगडायलाच लागली! मला विचारशील तर गाणं खरं तिथेच झालं. तेव्हाच अर्थाच्या मागे लागलो असतो तर चाल गुदमरली असती. टोपीमुळे कळलं की श्वास कुठे घ्यायचा, जोर कुठे येतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर पडते.

मग टोपीच्या जागी "पावसाचा निरोप" कुणाला सुचलं, तुला की मला? खरंच आठवत नाही आणि तेच मला फार आवडतं. शब्दांच्या मात्रा मोजल्या (ऱ्हस्वाची १, दीर्घाच्या २), "मांजराची टोपी" ११ आणि "पावसाचा निरोप" पण ११, एकदम फिट्ट. फक्त 'टो'वरचा जोर सरकून 'रो'वर गेला, मी बदलूया म्हणत होतो, तू म्हणालास राहू दे, मजा तिथेच आहे. आता रेकॉर्डिंगमध्ये तो 'रो' ठोक्याला जरा चुकवून येतो ना, काटा येतो अंगावर यार.

आणि 'उडाली'चं 'निघाला' झालं ते तर गळ्यामुळे. वरच्या सुरावर 'ली' लांबवली की आवाज चिमटतो, 'ला'ला तोंड उघडतं आणि सूर मोकळा सुटतो. म्हणजे शब्द आधी गळ्याने निवडला, निरोप निघालाय हे आपल्याला नंतर कळलं.

आपला तो नियम पण मला जाम आवडतो, नुसतं "नको" म्हणायचं नाही, बदल्यात दुसरी ओळ द्यायची, कितीही फालतू असली तरी. एकटा लिहितो तेव्हा निम्म्या ओळी मी मनातच खोडतो. तुझ्यासमोर त्या गाव्या लागतात, आणि त्यातलीच एखादी तू उचलतोस, शेवटचा शब्द पुढे आणतोस आणि ती उभी राहते. हे एकट्याने होत नाही रे, कितीही बसलं तरी.

पहिल्या अंतऱ्याला आता हात लावू नकोस, तो झालाय. दुसऱ्यासाठी माझ्याकडून एवढंच आहे:

"दार उघडं ठेवलं मी, नाव नाही विचारलं"

चाल इथे वरच्या सा कडे चढते म्हणून 'दार'चा 'दा' मुद्दाम सुरुवातीला घेतलाय, गाऊन बघ. पुढची ओळ तुझी. 'ला'वर संपव म्हणजे मुखड्यावर अलगद उतरता येईल. शब्द नाही सुचले तर नुसतं ला ला गाऊन पाठव, पण आजच पाठव.

तुझाच