हृदयाची चिठ्ठी आणि थायरॉइडची बाटली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेले काही आठवडे हृदयविकारावर लेखमाला येत आहे. तंबाखू, मीठ, तळण, ताण आणि बैठे काम यांवर तिच्यात सविस्तर लिहिले गेले, ते योग्यच आहे. मात्र शरीरातील संप्रेरके (हार्मोन्स) बिघडली किंवा ती सुधारण्यासाठी घेतलेले औषध प्रमाणाबाहेर गेले, तर हृदयाचे काय होते, याविषयी मधुमेहाचा एक ओझरता उल्लेख सोडल्यास काहीच वाचायला मिळाले नाही. मी बत्तीस वर्षे सोलापुरात औषधांचे दुकान चालवले. आता ते मुलगा पाहतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु चिठ्ठ्या वाचण्यात आयुष्य गेले असल्याने एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. एकाच माणसाच्या हृदयाची चिठ्ठी आणि संप्रेरकांची चिठ्ठी यांची बहुधा कधी गाठच पडत नाही, आणि दोन्हींची औषधे मात्र एकाच पोटात जातात.

आधी घरचीच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात चूक माझी आहे. माझ्या पत्नीला एक्कावन्नाव्या वर्षी थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले आणि रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. तेव्हा तिचे वजन ६३ किलो होते. पुढे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, जेवण कमी झाले, वय वाढले आणि वजन उतरत उतरत ५१ किलोवर आले. गोळी मात्र शंभरचीच राहिली. बाटली संपली की मी दुकानातून दुसरी नेत असे. दुकान घरचेच, तिथे चिठ्ठी कोण मागणार? गेल्या उन्हाळ्यात तिला रात्री धडधड होऊ लागली, तेव्हा उकाड्यामुळे होत असेल असे समजून आम्ही कूलरची जागा बदलली. मग एके दिवशी लक्ष्मी मंडईतून भाजी आणताना ती वाटेतच एका दुकानाच्या पायरीवर बसली. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन निघाले, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते आणि नाडीला ताल उरला नव्हता. हृदयरोगतज्ज्ञांनी आमच्या पिशवीतली थायरॉइडची बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली आणि विचारले, "काका, ही केव्हापासून?" मी म्हणालो, "चौदा वर्षे." "आणि शेवटचा टीएसएच कधी केला होता?" फाइलमध्ये सापडलेला या थायरॉइडच्या रक्ततपासणीचा कागद सहा वर्षांपूर्वीचा होता. नवा रिपोर्ट ०.०३ आला. सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितले असेल.

या गोळीचा पूर्ण डोस ढोबळमानाने दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम असा काढतात. ६३ किलोला तो १०० होतो, ५१ किलोला ८२, आणि उतारवयात तर त्याहूनही कमी पुरतो. हा हिशेब करायला पदवी लागत नाही. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी रक्तातील थायरॉइडचे प्रमाण पाहून टीएसएच सोडते. थायरॉइड जास्त झाले की ती हात आखडता घेते. म्हणून टीएसएच तळाला गेला, याचा अर्थ शरीराला थायरॉइड जास्त होत आहे. असे संप्रेरक हृदयाला सतत चाबूक मारत राहते: ठोके वाढतात, वरचा रक्तदाब चढतो आणि वय झालेल्या हृदयाचा ताल सुटतो. वाढलेली थायरॉइड ग्रंथी आणि धडधड यांची सांगड आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्येच मांडली होती. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तर थेट आमच्या घरालाच लागू पडावा असा आहे. साठीच्या पुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना पुढील दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन झाले. टीएसएच व्यवस्थित असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. ताल सुटलेल्या हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, हा खरा धोका. पत्नीचा डोस कमी केल्यावर साधारण तीन महिन्यांनी ताल पूर्ववत झाला. रक्त पातळ ठेवणारी गोळी अजून चालू आहे.

याचा अर्थ कोणी थायरॉइडची गोळी परस्पर बंद करावी असा मुळीच नाही. थायरॉइड कमी पडले तरी हृदयाचे हालच होतात. नाडी मंदावते, खालचा रक्तदाब वाढतो, वाईट कोलेस्टेरॉल चढते आणि कधी कधी हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर मांड्या-पोटऱ्या दुखतात म्हणून ती सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी काहींचा टीएसएच नंतर केला, तेव्हा मूळ दुखणे थायरॉइडचे निघाले. थायरॉइडवर उपचार झाले नसतील तर त्या गोळीने स्नायू दुखण्याची शक्यता वाढते आणि कोलेस्टेरॉलही हट्टाने वरच राहते. तेव्हा प्रश्न थायरॉइडची गोळी घ्यायची की नाही हा नसून किती, कशी आणि कोणाच्या नजरेखाली, हा आहे. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने घ्यावा, आणि कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, कारण शरीरातील पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. केसगळतीसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी तर प्रयोगशाळेत ते आवर्जून सांगावे. बायोटिनमुळे रिपोर्टच फसवा येऊ शकतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो तेव्हा ही बाटली पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर उन्हाच्या तिरिपेत ठेवू नये. उष्णतेने आणि उजेडाने गोळीचा गुण कमी होतो.

हाच धागा उलट्या बाजूनेही धरता येतो. हृदयाचा ताल सावरण्यासाठी अमियोडेरोन नावाचे औषध देतात. ते गुणकारी आहे, प्राण वाचवणारे आहे. पण त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन बांधलेले असते आणि माणसाची दिवसाची गरज असते जेमतेम १५० मायक्रोग्रॅम. बांधलेल्यातले थोडेच आयोडीन रोज सुटत असले, तरी तेही गरजेच्या कित्येक पट होते. त्यामुळे या औषधाने कोणाचे थायरॉइड वाढते, कोणाचे कमी होते, आणि औषध बंद केल्यावरही ते शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते. ते सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी थायरॉइड तपासावे, असा वैद्यकीय दंडक आहे. माझ्या दुकानात ही गोळी नेणाऱ्यांना मी विचारत असे, आणि निम्म्याहून अधिक जणांना असे काही तपासायचे असते याचाच पत्ता नसे.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे तो विषय. शहराच्या पूर्व भागात हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कातरलेली पाने, अशी बैठक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालते. चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच कंबर आणि गुडघे धरतात, आणि मग कोणीतरी सांगितलेली सांधेदुखीची पुडी सुरू होते. माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्या एका बाईंचा डोस दीड वर्षात तीनदा वाढला होता आणि शुगरही नव्याने निघाली होती. चेहरा गोल गरगरीत झालेला, त्यामुळे शेजारणी "तब्येत सुधारली" म्हणत. हातपाय मात्र काड्यांसारखे. सुपाची कड मनगटाजवळ जिथे टेकते तिथे कातडीखाली जांभळे डाग उमटलेले. मी विचारल्यावर त्यांनी कनवटीची पुडी काढून काउंटरवर ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, ना नाव, ना तारीख, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

त्या पुडीत काय होते हे मी नुसते पाहून सांगू शकत नव्हतो. परंतु अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे पुन्हा पुन्हा समोर आली आहेत, आणि बाईंची लक्षणे तिकडेच बोट दाखवत होती. स्टेरॉइड म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवतात त्याचाच भाऊबंद. सांधेदुखीवर त्याचा गुण १९४८ मध्ये प्रथम दिसला आणि १९५० मध्ये या संशोधनाला नोबेल पारितोषिकही मिळाले. दम्यात, संधिवातात, कित्येक गंभीर आजारांत त्याला आजही तोड नाही. म्हणूनच पुडीने दोन दिवसांत आराम पडतो आणि पुडीवाल्याचे नाव होते. पण मोजमाप नसलेले स्टेरॉइड वर्षभर पोटात गेले तर रक्तदाब आणि साखर वाढते, चरबीचे गणित बिघडते, अंगात पाणी धरते, काही प्रकारांत पोटॅशियम घटून ठोके चुकतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर बरबटतात. बाईंच्या रक्तदाबावर उपचार करणाऱ्यांना पुडीची कल्पनाच नव्हती, कारण त्यांनी विचारले ते "दुसरे काही औषध घेता का?" आणि बाईंच्या मते पुडी हे औषधच नव्हते, ते तर "झाडपाल्याचे".

शिवाय यात एक मोठी खोच आहे. पुडी वाईट आहे असे कळले म्हणून ती दुसऱ्या दिवशी फेकून देणेही धोक्याचे असते. बाहेरून आयता पुरवठा होत असल्याने आतल्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. पुरवठा एकदम थांबला तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, प्रसंगी जीवही जातो. बाईंना मी पुडीसकट सिव्हिलमध्ये धाडले. तिथल्या डॉक्टरांनी मोजून गोळी लावली आणि ती काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवली. डोस उतरला तसा रक्तदाबही उतरला. गुडघे अर्थातच पुन्हा दुखू लागले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मधुमेहाच्या औषधांबाबत काउंटरवरची एक आठवण सांगतो. रोसिग्लिटाझोन ही गोळी साखर छान उतरवायची. २००७ मध्ये तिच्यामुळे हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढते असे एका विश्लेषणात मांडले गेले आणि २०१० च्या अखेरीस भारतात तिच्यावर बंदी आली. पुढे अमेरिकेत तिच्यावरचे निर्बंध सैलही करण्यात आले, पण आम्ही माल परत केला तो केलाच. तिची बहीण पायोग्लिटाझोन हिच्यावर २०१३ च्या जूनमध्ये बंदी आली, मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने. खोकी बांधून ठेवली, आणि जुलै संपता संपता बंदी उठल्याने तीच खोकी पुन्हा सोडली. ती आजही मिळते, परंतु तिच्याने अंगात पाणी साठते आणि ज्याचे हृदय मुळातच कमकुवत आहे त्याला ती चालत नाही. पावलांवर सूज घेऊन गोळी न्यायला आलेल्या माणसाच्या हातात मधुमेहाची वेगळी आणि हृदयाची वेगळी अशा दोन फायली असत. या घडामोडींतून एक चांगलेही घडले. साखर उतरली एवढ्यावर न थांबता नवे औषध हृदयाला सुरक्षित आहे हे दाखवण्याची अपेक्षा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून ठेवली. अशाच चाचणीतून २०१५ मध्ये कळले की आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या नव्या गोळीने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटतात. २०२५ च्या मार्चमध्ये भारतात त्याचे पेटंट संपले आणि किमती झपाट्याने उतरल्या. सोलापुरी उन्हात हे औषध घेणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे आणि जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टरांना लगेच विचारावे, कारण ते लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही बाहेर टाकते.

ऐन चाळिशीच्या आत रक्तदाब वाढला, तीन-तीन गोळ्यांनी हटत नाही आणि पोटॅशियम कमी येते, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अंगात मीठ-पाणी धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त पाझरत असू शकते, हे १९५५ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी दाखवून दिले. त्यावर वेगळी गोळी आहे, कधी ऑपरेशनही करता येते. ही तपासणी मागणारी चिठ्ठी बत्तीस वर्षांत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

आपल्याला विनंती अशी की, लेखमालेचा एक भाग अंतःस्रावी (संप्रेरके बनवणाऱ्या) ग्रंथींच्या तज्ज्ञांकडून लिहवून घ्यावा आणि त्यासोबत एक चौकट द्यावी. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना घरातील प्रत्येक बाटली, स्ट्रिप, पुडी आणि केसांची कॅप्सूलसुद्धा पिशवीत घालून न्यावी. थायरॉइडच्या बाटलीवर शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी. पुडी चालू असेल तर ती न लाजता दाखवावी आणि मनाने बंद करू नये, एवढे त्या चौकटीत आले तरी पुरे. शहरातील डॉक्टरांनाही सुचवावेसे वाटते की, "औषध घेता का?" याऐवजी "दुखण्यावर काय घेता?" असे विचारून पाहावे. माझ्या मुलाने थायरॉइडच्या प्रत्येक बाटलीवर पेनाने तारीख घालायला सुरुवात केली आहे. तपासणीला वर्ष उलटले असेल तर तो तसे सांगतो, त्यावर काही गिऱ्हाइके चिडतात आणि "गोळ्या विकायला बसलास की परीक्षा घ्यायला?" असे ऐकवतात. आपल्या पुरवणीतील ती चौकट काउंटरच्या काचेखाली लावता आली, तर त्याचे काम थोडे सोपे होईल.

आपला,
एक निवृत्त औषध विक्रेता, सोलापूर